आमेनला उशीर

आधी प्रथा

पापांगीकाराची, म्हणजे देवापुढे पापं कबूल करायची, वेळ आली की या मंडळीत सगळे गुडघे टेकत, डोळे मिटत आणि गप्प होत. एवढं सगळीकडेच असतं. पुढचं मात्र दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये नव्हतं. हे मौन मोडायचा अधिकार पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना नव्हता, तो मंडळीतल्या सर्वांत वयस्क माणसाला होता. त्याचं मनातल्या मनात देवाला सांगून झालं की तो ‘आमेन’ म्हणणार, त्याच्यामागून बाकीचे म्हणणार, आणि मग गुडघे सुटणार. ज्या कोणी हे सुरू केलं त्यांचा विचार सरळ होता. जो सर्वांत जास्त जगला त्याची पापंही सर्वांत जास्त. त्याचं आटोपलं म्हणजे इतरांचं आटोपलेलंच असणार.

दातवाल्या काकांना हा विचार बिनतोड वाटे. काकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. मंडळीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी घडवलेल्या दातांनी देवाची स्तुती करत, आणि फाटकाबाहेर पडली की त्याच दातांनी एकमेकांचे लचके तोडत. बरीच वर्षं काका वयाने दुसरे होते. पहिल्या होत्या पोस्टातल्या आत्या. आत्यांच्या मौनात मोठ्यांच्या पाठीला रग लागे, पोरं झोपून उठत, खिडकीतलं ऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसे, तरी आत्यांचं काही आटपत नसे. उपासना सुटली की काका न चुकता त्यांच्या तब्येतीची चौकशी करत. जरा जास्तच आपुलकीने करत.

“मी ठणठणीत आहे,” आत्या म्हणत. “तू तुझे गुडघे सांभाळ.”

शेवटी आत्या गेल्या. दफनविधीला काका मनापासून रडले आणि घरी येऊन लेकीला म्हणाले, “माझा कोट इस्त्रीला टाकशील का गं? रविवारी लागेल.”

त्या रविवारी लेक त्यांच्या शेजारी गुडघे टेकून होती. काकांचं मौन लांबलं. इतकं लांबलं की मागच्या बाकावरून नर्सबाई खाकरल्या. नर्सबाई काकांहून आठ महिन्यांनी लहान, म्हणजे पुढचा नंबर त्यांचा. लेकीने डोळ्यांच्या फटीतून पाहिलं. पप्पांचे कान लाल झाले होते आणि कोटाच्या बाहीवर पाणी पडत होतं. मग घसा फाटल्यासारखं, धड ऐकूही न येणारं एक ‘आमेन’ बाहेर आलं. उठताना त्यांनी लेकीचा दंड धरला. तो हात तिला नेहमीपेक्षा हलका लागला. तिने काही विचारलं नाही. असलं कुणी विचारत नसतं.

मग नवे पाळक

नवे पाळक लॅपटॉप घेऊन आले आणि आल्या आल्या उपासनेचं नाव बदललं. आता ती ‘संडे एक्सपिरियन्स’ होती. बाक गेले. दोन तेवढे मागच्या भिंतीशी उरले, कारण ते दारातून बाहेर निघेनात. बाकीच्या जागेत गादीच्या खुर्च्या आल्या, हाताशी कॉफीचा पेला ठेवायची खोबण असलेल्या. वेदी होती तिथे मंच आला. मंचामागे पडदा, आणि पडद्यावर उपासना सुरू व्हायला किती सेकंद उरले त्याची उलटी मोजणी. जणू चर्चसकट सगळे वर उडणार होते. धुराचं मशीनही आलं. धूर काही पवित्र नव्हता, पण पुढच्या रांगेतल्या दमेकऱ्यांना देवाची आठवण हटकून करून देई.

हे सगळं चालवायला पाळकांना माणूस हवा होता. काकांची लेक कंपन्यांचे सोहळे करायची. नवी स्कूटर धुरातून मंचावर आणायची, योग्य क्षणी दिवा पाडायचा, आणि विक्रेत्यांनी आ वासायचा, हे तिच्या हातचं काम.

“आपल्याला तेच करायचं आहे, ताई,” पाळक म्हणाले. “फक्त स्कूटरच्या जागी—”

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. लेक हसली आणि हो म्हणाली. चर्च ओस पडत चाललं होतं, हेही खरंच होतं. आता दर रविवारी ती वरच्या सज्ज्यात, पूर्वी गायनवर्ग बसायचा तिथे, कानाला हेडफोन लावून बसू लागली आणि खालच्या मंडळींना हलक्या आवाजात भक्तिभावाच्या सूचना देऊ लागली. म्हणजे दिवेवाल्याला. तो मंडळींना द्यायचा.

मग एका बैठकीत पाळक म्हणाले, “ते मौन काढून टाकू.”

“का?”

“घरून बघणाऱ्यांना वाटतं नेट गेलं. मौन सुरू झालं की निम्मे लोक पळतात, माझ्याकडे आलेख आहे. बोटाच्या टोकावर शंभर चॅनेल असलेल्या माणसासमोर गप्प बसायचं म्हणजे त्याला हाताला धरून बाहेर काढायचं.”

“आणि आमेन?”

“आमेन ठेवू की. बँड म्हणेल. तीन सुरांत.”

लेक घरी पोचली तेव्हा काका कामाच्या टेबलाशी बसले होते. टेबलावर गुलाबी मेणाच्या हिरड्या, प्लॅस्टरची भुकटी, बारीक कानशी. हातातल्या दाढेवरून नजर न काढता ते म्हणाले, “माझं काढून घेणार आहेत म्हणे.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“नर्सबाईने. खूश होती. ‘माझा नंबर लागण्याआधीच दुकान बंद, म्हणजे मला चुटपुट नको,’ म्हणाली.” त्यांनी दाढेवर फुंकर मारली. “तू तिथे असतेस म्हणून विचारतो. बाकी माझ्याकडे आता आहे काय? दात तर सगळे हल्ली कारखान्यातून मागवतात.”

“मी आहे ना, पप्पा,” लेक म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी पाळकांकडे जाऊन तिने तेच वाक्य टाकलं जे ती स्कूटर कंपनीच्या साहेबांना टाकायची. “मला द्या ते. लोक नजर हलवणार नाहीत असं करून दाखवते.”

सूचना, जशा हेडफोनमध्ये दिल्या

बँड थांबेल. लगेच नाही, गिटार विरत जाईल.
दिवे मंद. निळा. अजून निळा.
काकांची खुर्ची मंचाच्या डावीकडे. एकच दिवा, वरून, खिडकीतून पडल्यासारखा. खिडकी नाही, माहीत आहे. पडल्यासारखा.
धूर थोडा. काका खोकले तर सगळं ओमफस.
कॅमेरा नंबर दोन, काकांच्या हातांवर. सुरकुत्या दिसू देत. मग चेहरा.
मौनाखाली आवाज हवा. हो, मौनाखाली. नुसतं मौन ऐकू येत नाही. खोल, घुमणारा, गुहेतल्यासारखा.
आमेन.
ड्रम.

काय झालं, ते व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं

अंगावर काटा आला.
हे आजोबा कोण आहेत? मला दत्तक घ्यायचे आहेत.
मी देवबिव मानत नाही पण हे रोज झोपताना लावते.
पार्श्वसंगीत कुठे मिळेल?
सुरकुत्या खऱ्या आहेत का?
आमच्या चर्चमध्ये असले म्हातारे नाहीत. आमचे नुसतेच म्हातारे आहेत.

पेढी उघडताना शेठजी गल्ल्याला करतात तसा पाळकांनी लेकीला हात जोडून नमस्कार केला. मौन सुरू झालं की आता कुणी पळत नव्हतं, उलट लोक मौनापुरतेच येत होते. प्रवचनात उठून जात. पाळकांनी त्यावरही उपाय काढला. मौन प्रवचनानंतर नेलं, म्हणजे खाऊ शेवटी.

काकांमधले फरक

पहिला आठवडा काका बावरलेले होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं की कॅमेरा चालू आहे हे कसं ओळखायचं. लेकीने सांगितलं, त्याच्या कपाळावर लाल दिवा लागतो. तिला वाटलं पप्पांना त्या दिव्याची भीती वाटते.

मग त्यांनी केस कापायचे थांबवले. मागे वळवून मानेवर ठेवले की दिव्यात चांगले दिसतात, असं त्यांना दिवेवाल्याने सांगितलं होतं. मग स्वतःसाठी नवी कवळी केली. आयुष्यभर ते गिऱ्हाइकाला बजावत आले होते की दात वयाला शोभेसे, थोडे पिवळट हवेत, नाहीतर माणूस उसना दिसतो. स्वतःची कवळी त्यांनी दूधपांढरी केली.

न्हाणीघरातून आवाज येऊ लागले. लेक चहा गाळता गाळता ऐकायची.

“आऽमेन.” पाणी पडायचं. “आ... मेन.” पुन्हा पाणी. “आमेन.” हे कापऱ्या आवाजात, हुंदका दाबून. “आमेन.” हे कुजबुजून. मग दार किलकिलं करून, “कुठलं बरं वाटतं गं? दुसरं जरा नाटकी होतं, नाही का?”

रविवारी उपासना सुटली की लोक फोटोसाठी त्यांना गराडा घालत. काका भाव खात, पण सफाईने. नर्सबाई घोळक्याच्या कडेला काठीवर रेलून उभ्या असत.

“काय रे,” त्यांनी एकदा विचारलं, “हल्ली बरोबर गाण्याइतक्या वेळात आटपतं तुझं. पापं केलीस ती मापाने केलीस का?”

“तुला काय कळायचंय त्यातलं.”

“तुझी तिन्ही पोरं माझ्या हातांवर जन्मली. दोन गेली, ही एक राहिली. मला तुझ्यातलं पुष्कळ कळतं.”

काकांनी मान फिरवली आणि एका तरुण जोडप्याच्या मधोमध उभे राहून नवे दात दाखवले.

त्या दिवशी जेवताना लेकीने जे कुणी विचारत नसतं ते विचारलं. पाव कापत, अगदी सहज.

“पप्पा, त्या वेळात तुम्ही काय सांगता हो? देवाला?”

“वेळ कुठे असतो?” काका म्हणाले. “लाल दिवा लागला की मान खाली. मग तो घुमणारा आवाज चढतो, तेव्हा श्वास घ्यायचा. आवाज उतरायला लागला की डोळे उघडायचे, वर बघायचं, मनात चार आकडे मोजायचे, आमेन. आकडे नाही मोजले तर घाई होते.” त्यांनी पावाला लोणी लावलं. “तूच तर बसवलंयस सगळं. छान बसवलंयस.”

लेकीने पावाचा पुढचा तुकडा कापला. तिने पप्पांचं आमेन वाचवलं होतं खरं. आमेनच्या आधीचं जे होतं ते मात्र कुठे गेलं याचा तिला पत्ता नव्हता, आणि ते तिच्याच हातून गेलं होतं.

मोठा रविवार

पाळकांनी ‘मौन-महोत्सव’ जाहीर केला. दुसऱ्या शहरांतून बस आल्या. दारात ‘मौन’ असं छापलेले पेले विकायला ठेवले. पेल्यावर काकांचे हात होते. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक जिन्यावर बसले, आणि सगळे मोठमोठ्याने एकमेकांना सांगत होते की आपल्याला शांतता किती आवडते.

हेडफोनवरचं बोलणं असं झालं.

पाळक: सगळे तयार?
दिवेवाला: तयार. काकांनी गालाला काहीतरी लावलंय, चकाकतंय.
पाळक: चालेल. अश्रू वाटेल. ताई?
लेक: हं.
पाळक: बँड विरतोय. निळा घ्या.
दिवेवाला: घेतला.
पाळक: काकांवरचा दिवा. वा. ताई, कॅमेरा दोन.
लेक: दिला.
पाळक: चेहरा. अजून जवळ. काय माणूस आहे हो. आवाज चढवा.

समोरच्या छोट्या पडद्यावर लेकीला पप्पांचा चेहरा दिसत होता. मान खाली गेली, ठरल्याप्रमाणे. पण पापण्यांखालून बुबुळं वर फिरली, लाल दिवा आहे ना ते पाहिलं, आणि परत खाली आली. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हॉलमधल्या शेकडो लोकांनी श्वास रोखले होते. कोपऱ्यात एक बाई आतापासूनच डोळे पुसत होती.

लेकीने आवाजाची पट्टी खाली ओढली. मग काकांवरचा दिवा घालवला. मग कॅमेरा.

पाळक: काय झालं?
दिवेवाला: माझ्याकडून नाही.
पाळक: ताई? काय गेलं? ताई.

तिने हेडफोन गळ्यात सोडला.

मौन

अंधार झाला. सुरुवातीला लोकांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. “किती सुंदर,” कुणीतरी कुजबुजलं. मग कुजबुजणारेही गप्प झाले. गुहेतला आवाज गेल्यावर खुर्च्यांची करकर ऐकू येऊ लागली, नाकं ऐकू येऊ लागली, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर ऐकू आली. मागच्या बाकावर नर्सबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि गुडघे टेकले. बाकाला धरून, कण्हत, एकेक.

लेक कठड्यावरून खाली वाकली. डोळे सरावल्यावर तिला पप्पा दिसले. आता त्यांना कुणी बघत नाही, आता ते डोळे मिटतील, असं तिला वाटलं. ती त्याचीच वाट बघत होती.

काकांनी डोळे मिटले नाहीत. ते लाल दिवा शोधत होते. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. अर्धवट उठले, परत बसले. हात मांडीवर ठेवावेत की जोडावेत ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तोंड वर सज्ज्याकडे केलं आणि न्हाणीघरातला बंब चालू आहे का हे विचारायचा त्यांचा जो घरचा आवाज होता, त्या आवाजात विचारलं,

“चालू आहे का गं?”

आणि अख्खी मंडळी, पाहुणे, बसने आलेले, जिन्यावरचे, सगळे एका आवाजात म्हणाले, “आमेन.”

ड्रमवाल्याला एवढंच हवं होतं.

त्यानंतर

गळ्यातल्या हेडफोनमधून पाळकांचा आवाज येत होता. “सुपर. ताई, सुपर. आधी कळवायचं तरी. ही ओळ पुढच्या रविवारी ठेवूच.”

लेकीने हेडफोन तोंडाशी धरला. “पुढच्या रविवारी पप्पा मंचावर नाहीत.”

“आजारी आहेत?”

“नाही. मीही नाही.”

घरी जाताना काका रागावलेले होते. दोन कोपरे झपाझप वळले. मग म्हणाले, “दिवा का घालवलास? चारचौघांत हसं केलंस माझं.”

“कुणी हसलं नाही, पप्पा.”

“तेच तर.” ते चालत राहिले. “मी आपला बसलोय अंधारात, आणि मला सुचेना की आता करायचं काय. दिवा नाही, आवाज नाही, तर माणसाने तिथे बसून करायचं तरी काय?”

प्रश्न त्यांनी रागातच विचारला होता. पण विचारून झाल्यावर त्यांची पावलं मंदावली. एका बंद दुकानाच्या पायरीशी ते थांबले, लेकीकडे पाठ केली, कवळी काढली, रुमालात बांधली आणि खिशात टाकली.

पाळकांचं घोडं काही अडलं नाही. आठवड्याच्या आत त्यांनी नवा माणूस आणला. हा विमा विकणारा गृहस्थ काकांपेक्षा बराच तरुण होता, पण दिसायला कितीतरी जास्त म्हातारा. छातीपर्यंत दाढी, खर्जातला आवाज. तो ठरल्या क्षणी डोळे उघडायचा आणि ठरल्या क्षणी आमेन म्हणायचा. लोकांना तो जास्त आवडला. ‘आधीचे आजोबा जरा ओव्हर करायचे,’ असं कुणीतरी खाली लिहिलं.

त्या रविवारी काका मागच्या भिंतीशी, उरलेल्या दोन बाकांपैकी एकावर बसले. जुनी पिवळट कवळी, जुना कोट. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नर्सबाई. मंचावर निळं झालं, दाढीवर दिवा पडला, गुहा घुमू लागली. काकांनी गुडघे टेकले आणि डोळे मिटले. विमेवाला वेळेवर आमेन म्हणाला. मंडळी म्हणाली. ड्रम वाजले, टाळ्या झाल्या, लोक बसले.

काका उठले नाहीत.

बँडने एक गाणं म्हटलं, मग त्याचंच शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा म्हटलं. अर्पणाच्या थैल्या फिरल्या, त्यांच्या डोक्यावरून गेल्या. पेल्यांवरच्या सवलतीची घोषणा झाली. थैलीवाल्याने वाकून लेकीला विचारलं, “काकांना बरं नाही का?”

“बरं आहे,” नर्सबाई म्हणाल्या. “तू चल पुढे.”

पाळक निरोपाचे दोन शब्द सांगायला उभे राहिले आणि आपल्या गाडीला पार्किंगची जागा देवाने कशी मिळवून दिली त्याची गोष्ट सांगू लागले. गोष्ट रंगात आली होती. पाळक तिसऱ्यांदा गल्लीला वळसा घालत होते, मागचा ट्रकवाला हॉर्न मारत होता, लोक आधीच हसायच्या तयारीत होते. तेवढ्यात मागच्या भिंतीकडून घशात अडकलेलं, फाटकं, धड ऐकूही न येणारं एक ‘आमेन’ आलं.

“आमेन,” नर्सबाई म्हणाल्या.

“आमेन,” लेक म्हणाली.

हॉलभर माना वळल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि टाळ्या पसरल्या.

“थँक यू, काका,” पाळक मंचावरून म्हणाले. “बघा, ज्येष्ठांनाही पटतंय.” आणि ते चौथ्या वळशाला निघाले.

काकांनी लेकीचा दंड धरला आणि एकेक गुडघा सोडवत उठले. बाहीने तोंड पुसलं. मंचाकडे त्यांनी पाहिलं, पण थोडंसंच.

“चल,” ते म्हणाले. “याला जागा मिळेपर्यंत कुठे थांबायचं.”